परत न गेलेली रिळं

१९७८ साली कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमधल्या डॉसन सिटी या गावात नव्या करमणूक केंद्रासाठी खोदकाम चाललं होतं. मातीच्या ढिगाऱ्याबरोबर फिल्मची रिळं वर आली. एकदोन नव्हे, वाचवता आली तीच ५३३. त्यांतले बरेचसे चित्रपट असे होते की जगात दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नव्हती.

ती तिथे गाडली कशी गेली? डॉसन हे सोन्याच्या शोधात आलेल्यांचं गाव. चित्रपट तिथे पोचायचे ते मोठ्या शहरांत दाखवून झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. डॉसनच्या पुढे गावच नव्हतं, त्यामुळे खेळ संपले की रिळं परत पाठवायची. पण परतीच्या वाहतुकीचा खर्च वितरकांना परवडेना. जुना चित्रपट परत घेऊन करायचं काय? मग रिळं गावातच साठत गेली. काही नदीत गेली, काही जाळली गेली आणि १९२९मध्ये शेकडो रिळं एका जुन्या जलतरण तलावात भर म्हणून टाकून वर माती पसरली. त्या प्रदेशातली जमीन खोलवर कायम गोठलेली असते. जाळली तर काही मिनिटांत राख झाली असती अशी ती रिळं त्या नैसर्गिक शीतगृहात जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. बाहेर काढल्यावर ती नेण्यासाठी शेवटी सैन्याचं विमान लागलं, कारण एवढा ज्वालाग्राही माल न्यायला कुणी तयार होईना.

जगभरात सापडलेल्या मूकपटांच्या कहाण्या वाचत गेलं की हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. जी प्रत शिस्तीत मालकाच्या गोदामात परत गेली ती बहुधा संपली. जी वाटेत कुठे अडकली, विसरली गेली, चोरली गेली किंवा कोर्टकचेरीत सापडली, ती उरली. असं का झालं हे समजून घ्यायचं तर आधी ती फिल्म कशाची बनलेली होती ते पाहायला हवं.

पण त्याआधी थोडा हिशेब. चित्रपट ‘हरवला’ म्हणजे त्याची एकही प्रत कुठल्याही संग्रहालयात किंवा संग्राहकाकडे असल्याची नोंद नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत जवळजवळ ११,००० पूर्ण लांबीचे मूकपट बनले. त्यांतले मूळ स्वरूपात पूर्ण उरलेले फक्त १४ टक्के. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण परदेशी आवृत्तीत किंवा कमी दर्जाच्या लहान फिल्मवर. ५ टक्के अर्धेमुर्धे आहेत. बाकीचे सत्तर टक्के गेले. म्हणजे ‘मूकपटांचा काळ’ म्हणून आपण जे काही पाहतो, ज्यावर पुस्तकं लिहिली जातात, ती शंभर पानांच्या वहीतली वाऱ्याने उडून जाता जाता हाती लागलेली तीस पानं आहेत. आणि ही सर्वांत नीट मोजदाद झालेल्या, सर्वांत श्रीमंत चित्रपटउद्योगाची गोष्ट.

आता फिल्मकडे वळू. साधारण १९५०पर्यंत व्यावसायिक चित्रपटांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. हीच प्रक्रिया आणखी पुढे नेली की तोफेच्या दारूसारखा स्फोटक कापूस तयार होतो. म्हणजे चित्रपटाची पट्टी ही स्फोटकाची सख्खी चुलतबहीणच. ती पारदर्शक, लवचिक आणि मजबूत होती, तिच्यावरची चित्रं पडद्यावर विलक्षण झळाळत. ज्यांनी मूळ नायट्रेट प्रत पडद्यावर पाहिली आहे ते त्या काळ्या रंगाच्या खोलीबद्दल आणि पांढऱ्याच्या चमकेबद्दल भरभरून बोलतात.

पण तिचे दोन दोष जीवघेणे होते. पहिला आगीचा. नायट्रेट जळताना लागणारा प्राणवायू त्याच्या स्वतःच्याच रेणूंत असतो. त्यामुळे पेटलेलं रीळ वाळूने गुदमरत नाही, पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. धूरही विषारी. १९२९च्या शेवटच्या दिवशी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मुलांसाठीच्या खेळाच्या वेळी एका डब्यातली फिल्म नुसती धुमसली. धूर पाहून मुलं घाबरून दाराकडे धावली आणि चेंगराचेंगरीत सुमारे सत्तर मुलं गेली. आगीची ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचलीही नव्हती.

दुसरा दोष सावकाश मारणारा. नायट्रेट आपोआप विघटित होत राहतं. त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात, ते हवेतल्या आणि चित्र ज्यात असतं त्या जिलेटिनच्या थरातल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने खातं. म्हणजे सडण्यातून सडणं वाढतं. डबा घट्ट बंद असेल तर वायू आतच कोंडतात आणि नाश वेग घेतो. आधी चित्र फिकट होतं, पट्टी पिवळट तपकिरी दिसू लागते. मग ती चिकट होते आणि वेटोळी एकमेकांना धरून बसतात. नंतर मधासारखा फेस येतो, सगळ्याचा एक कडक गोळा होतो आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. सडलेलं नायट्रेट पेटायला ताज्या फिल्मपेक्षा खूपच कमी उष्णता पुरते, कडक उन्हाळ्यातल्या बंद खोलीचीसुद्धा.

१९३७च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे नेमकं हेच झालं. उष्णतेची लाट होती आणि फॉक्स कंपनीच्या गोदामात हजारो रिळं एकत्र रचलेली होती. गोदाम पेटलं आणि ४०,०००हून अधिक रिळं जळाली. कंपनीच्या बहुतेक मूकपटांची मूळ रिळं त्या एका रात्रीत गेली. थिडा बारा ही एके काळची अफाट लोकप्रिय नटी. चाळीसच्या आसपास चित्रपटांत तिने काम केलं होतं. आज पूर्ण पाहता येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण तिचे बहुतेक चित्रपट त्याच गोदामात होते. सगळं एका ठिकाणी, एका छपराखाली, मालकाच्या ताब्यात. कागदावर याहून सुरक्षित व्यवस्था कोणती?

आगीला सगळा दोष देणं मात्र बरोबर नाही. जास्त चित्रपट माणसांनी जाणूनबुजून संपवले. १९२७नंतर बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांत मूकपटाची बाजारातली किंमत शून्यावर आली. साठवायला जागा लागे, धोक्याच्या मालाचा विमा भरावा लागे आणि पदरात काहीच पडत नसे. शिवाय फिल्मच्या चित्रात खरी चांदी असते, ती वितळवून काढता येई. युनिव्हर्सलने १९४८मध्ये आपल्याकडे उरलेल्या मूकपटांची रिळं स्वतःहून नष्ट केली. त्या व्यवस्थापकांना आज खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या लेखी तो कालचा, वाचून झालेला पेपर होता. चित्रपट पुन्हा पाहण्याची, शंभर वर्षांनी अभ्यासण्याची वस्तू आहे ही कल्पनाच फार थोड्यांच्या डोक्यात आली होती. बोलेस्लाव मातुशेव्स्की या पोलिश छायाचित्रकाराने १८९८मध्येच पॅरिसमध्ये पुस्तिका छापून सांगितलं होतं की हलती चित्रं हे इतिहासाचं साधन आहे, त्यांचं दफ्तरखाना ठेवतात तसं जतन करा. त्याचं ऐकलं गेलं ते चार दशकांनी. चित्रपट संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९३८मध्ये पॅरिसला स्थापन झाली, तोवर मूकपटांचा मोठा भाग गेलेला होता.

जॉर्ज मेलिएसची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. चंद्रावरच्या स्वारीचा चित्रपट १९०२मध्ये करणारा हा जादूगार. पाचशेहून अधिक छोटे चित्रपट त्याने केले. पहिल्या महायुद्धात त्याची कितीतरी रिळं सैन्याने कच्चा माल म्हणून वितळवली. १९२३मध्ये कर्जात बुडालेल्या मेलिएसने हताश होऊन आपल्या उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. तरीही आज दोनशेच्या आसपास चित्रपट उपलब्ध आहेत. ते कुठून आले? परदेशात विकलेल्या प्रती, कुणा हौशी माणसाने माळ्यावर ठेवलेल्या प्रती आणि चक्क चोरट्या प्रती. अमेरिकेत त्याच्या चित्रपटांच्या बेकायदा नकला सर्रास काढल्या जात, याचा त्याला हयातभर संताप होता. १९९३मध्ये बार्सिलोनातल्या संग्रहालयात चंद्रस्वारीची हाताने रंगवलेली प्रत सापडली. तिचा जवळजवळ दगड झाला होता. एकेक चौकट, म्हणजे पट्टीवरचं एकेक स्थिर चित्र, सोडवत, तुटलेल्या तुकड्यांची छायाचित्रं घेत, संगणकावर जुळवत ती २०११मध्ये कान महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली. चित्रपट पंधरा मिनिटांचा, काम अनेक वर्षांचं.

अशा उनाड प्रतींची यादी लांब आहे. जोन ऑफ आर्कवर कार्ल ड्रायरने १९२८मध्ये केलेल्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह बर्लिनच्या आगीत गेली. त्याने न वापरलेल्या दृश्यांतून दुसरी आवृत्ती जुळवली, तीही पुढे आगीतच गेली. १९८१मध्ये ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सफाईचं सामान ठेवायच्या कपाटात काही डबे सापडले. मूळ आवृत्तीची प्रत, चांगल्या अवस्थेत. जपानमध्ये तेइनोसुके किनुगासाला आपला १९२६चा चित्रपट कायमचा गेला असं वाटत होतं. १९७१मध्ये तो त्याला स्वतःच्याच कोठारात मिळाला. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची १९२७च्या पहिल्या खेळानंतर काटछाट झाली आणि पूर्ण आवृत्ती नाहीशी झाली. पण त्याआधीच एका वितरकाने अखंड प्रत अर्जेंटिनाला नेली होती. तिची पुढे १६ मिलिमीटरच्या लहान फिल्मवर काढलेली नक्कल २००८मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सापडली. मूळ प्रतीवरचे ओरखडे नकलेत कायमचे छापले गेले आहेत. म्हणून आज हा चित्रपट पाहताना मधूनच पडद्यावर पावसासारख्या रेघा उतरू लागतात आणि चौकट थोडी आक्रसते. तीच ती ऐंशी वर्षं जवळजवळ कुणी न पाहिलेली पंचवीस मिनिटं.

सर्वांत गमतीशीर बचाव कागदाने केला. १९१२पर्यंत अमेरिकेच्या कायद्यात चित्रपटाच्या हक्काची नोंद करण्याची सोयच नव्हती, छायाचित्राची होती. म्हणून निर्माते अख्खा चित्रपट चौकटी-चौकटींनी कागदाच्या लांब पट्टीवर छापून नोंदणीसाठी दाखल करत. कागद नायट्रेटसारखा सडला नाही. त्या सुमारे तीन हजार कागदी चित्रपटांवरून पुढे पुन्हा फिल्म बनवली गेली. सिनेमाची पहिली पावलं आज आपण पाहू शकतो ती बऱ्याच अंशी त्या दप्तरी सोपस्कारामुळे.

भारतातही कायद्याने एक चित्रपट असाच राखला. १९३३च्या ‘मार्तंड वर्मा’ या मल्याळी मूकपटाच्या निर्मात्याने मूळ कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. प्रकाशकाने दावा लावला, खेळ बंद पडले आणि प्रत प्रकाशकाच्या ताब्यात गेली. निर्मात्याचं दिवाळं निघालं, पण डबा प्रकाशकाकडेच राहिला आणि १९७४मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाला. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेहून अधिक चित्रपट बनले. पूर्ण आणि तुकड्यातुकड्यांत मिळून उरलेत ते तीसच्या आसपास. इथली उष्ण, दमट हवा नायट्रेटसाठी काळ होती, आणि प्रती गावोगाव फिरून झिजेपर्यंत दाखवल्या जात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पुण्याचं संग्रहालय स्थापन झालं १९६४मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर. ते उभारणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून आणि इतर ठिकाणांहून मिळतील ते तुकडे गोळा केले. ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाती आहे, आणि तेही १९१३चं की फाळक्यांनीच १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं यावर अभ्यासकांत वाद आहे. १९१९चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शाबूत आहे. त्यात फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. त्याच वर्षीच्या कलकत्त्याच्या ‘बिल्वमंगल’चा ५९४ मीटरचा भाग कुठे मिळाला? पॅरिसच्या संग्रहालयात. इथेही परक्या घरी राहिलेली प्रतच कामी आली.

सापडलेल्या रिळाचं पुढे काय होतं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘डिजिटल केलं की झालं’ असा समज सार्वत्रिक आहे.

पहिलं काम थंडावा. विघटन थांबवता येत नाही, पण थंड आणि कोरड्या हवेत ते इतकं मंदावतं की दशकांची शतकं होतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नायट्रेटसाठी १२४ वेगळ्या कोठड्या आहेत. तापमान ४ अंशांच्या आसपास, हवेतला ओलावा ३० टक्के. कोठड्या लहान आणि अलग ठेवण्यामागे लिटल फेरीचा धडा आहे: एक पेटली तरी शेजारची वाचावी.

मग रीळ हाताने, फूट-फूट करून तपासलं जातं. जुनी फिल्म आकसलेली असते, त्यामुळे कडेची भोकं आजच्या यंत्राच्या दात्यांवर बसत नाहीत. साध्या प्रोजेक्टरवर चढवली तर ती फाटत जाते. जुने सांधे उघडलेले असतात, ते पुन्हा जोडतात. ओरखड्यांसाठी एक सुंदर युक्ती आहे. नक्कल काढताना फिल्म एका द्रवातून नेतात. तो द्रव ओरखड्याच्या चरीत भरतो आणि फिल्मइतकाच प्रकाश वाकवतो, म्हणून नकलेत रेघ उमटतच नाही.

नंतर प्रश्न रंगाचा. मूकपट म्हणजे कृष्णधवल हा आपला समज बराचसा नक्कल करणाऱ्यांनी तयार केला. बहुसंख्य प्रती रंगात बुडवलेल्या असत: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या साध्या कृष्णधवल फिल्मवर उतरवल्या गेल्या आणि भर उन्हात चित्रित केलेली ‘रात्र’ भर दुपार वाटू लागली. वेगाचंही तेच. कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळा, अठरा, वीस चौकटी, दृश्याप्रमाणे कमीजास्त. त्या बोलपटांच्या चोवीस चौकटींच्या वेगाने दाखवल्या की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. ते हास्यास्पद चालणं मूळ चित्रपटात नव्हतं, ती आपल्या यंत्राची चूक आहे. मधूनमधून येणाऱ्या संवादांच्या पाट्यांची भाषा, दृश्यांचा क्रम हे ठरवायला सेन्सॉरचे कागद, पटकथा, संगीताच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. ‘मेट्रोपोलिस’च्या जुळणीत संगीताच्या लिखित प्रतीने वाट दाखवली, कारण कुठल्या दृश्याला कुठला तुकडा वाजवायचा याच्या खुणा तीत होत्या.

जतन करणाऱ्यांच्या हातूनही एक मोठी चूक झाली, ती सांगायलाच हवी. नायट्रेट वाट पाहत नाही, या धास्तीने कित्येक संग्रहालयांनी घाईघाईने ‘सुरक्षित’ अॅसिटेट फिल्मवर नकला काढल्या आणि धोकादायक मूळ रिळं नष्ट केली. काही दशकांनी अॅसिटेटच सडू लागलं. डबे उघडले की व्हिनेगरचा वास यायचा. ज्या नायट्रेट रिळांना दहा-वीस वर्षांचे सोबती ठरवलं होतं, त्यांतली कितीतरी थंडीत ठेवलेली रिळं मात्र शंभरी ओलांडून अजून पडद्यावर दाखवता येतात. म्हणून आता नियम असा की नक्कल कितीही चांगली झाली तरी मूळ टाकायचं नाही. डिजिटल प्रतीलाही हा नियम लागू आहे. संगणकीय टेपांची यंत्रं काही वर्षांत कालबाह्य होतात, सगळा साठा नव्या टेपांवर उतरवत राहावा लागतो, आणि हा खर्च एका वर्षी चुकला तरी धोका असतो. थंड खोलीतली पॉलिएस्टर फिल्म शेकडो वर्षं गप्प पडून राहू शकते आणि वाचायला तिला भिंग आणि उजेड पुरतो. दोन्ही हव्यात, आणि दोन वेगळ्या गावांत हव्यात.

कितीतरी रिळं सापडतात पण ओळखू येत नाहीत, कारण सर्वांत आधी झिजतो तो सुरुवातीचा, नाव असलेला भाग. मग कडेवरच्या बारीक खुणांवरून कारखाना आणि साल काढतात. सुरुवातीच्या कंपन्या नक्कल करणाऱ्यांना धाक म्हणून नेपथ्यातच आपलं बोधचिन्ह ठोकून ठेवत. पाथे कंपनीचा कोंबडा भिंतीवर दिसला की निम्मं काम झालं. २०१२पासून त्या व्हर्जिनियाच्या केंद्रात अभ्यासक आणि हौशी मंडळी जमून निनावी चित्रपट पाहू लागली. इथे चित्रपट चालू असताना बोलायचं नाही हा नियम उलटा आहे. कुणी मोटारीची नंबरपाटी वाचून दाखवतं, कुणी मागच्या दुकानाचा फलक, कुणी तिसऱ्या रांगेतल्या नटाचं नाव ओरडून सांगतं.

तुमच्या हाती कधी असा जुना डबा लागला तर तो उन्हात किंवा आगीजवळ नेऊ नका. फिल्म ओढून, उलगडून पाहू नका, प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नका. खोली हवेशीर ठेवा, डबा शक्य तितक्या थंड जागी ठेवा आणि चित्रपट संग्रहालयाला कळवा. नायट्रेट टपालाने पाठवणं धोक्याचं आहे, ते कसं न्यायचं ते तीच माणसं सांगतील. डबा गंजलेला असला, त्यावरची चिठ्ठी अर्धी फाटलेली असली, तरी ते फेकू नका. डबा कुठल्या कपाटात, कुणाच्या सामानात, कशाशेजारी सापडला तेही लिहून ठेवा. रिळावरचं नाव गेलेलं असेल तर ओळख पटवणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते.